एकशे अडतीस नावांचा विद्यार्थी

पद्धतशीरपणे केलेले काम कधीही अंगाशी येत नाही, असे श्रीनिवासराव खांबेटे यांचे ठाम मत होते. विचारणाऱ्याला ते हे मत सांगतच. न विचारणाऱ्याला अधिक सविस्तर सांगत. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला हा गृहस्थ चाळीस वर्षे लेथच्या सहवासात वावरला होता आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही वाघोलीजवळच्या ‘वज्रदंत गिअर्स’ या कारखान्यात प्रशिक्षणप्रमुख होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरसुद्धा भाग क्रमांक लिहिलेले होते. त्यांच्या पत्नी हेमाताई पाहुण्यांना शांतपणे सांगत, “आज आमच्याकडे भाग क्रमांक चारची आमटी आहे.”

कारखान्यात श्रीनिवासरावांचा जीव गुंतला होता तो एकाच जागी. ती जागा म्हणजे ट्रेनिंग शॉप. सहा लेथ, दोन मिलिंग यंत्रे आणि भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली मापांची कोष्टके. प्रत्येक कामगाराला आठवड्यातले दोन तास प्रशिक्षणासाठी मिळत आणि ते दोन तास तो या शॉपमध्ये, सरांच्या नजरेखाली, हात काळे करून शिके.

गेल्या वर्षी कारखान्याची सूत्रे मालकांचे चिरंजीव ऋषी यांच्याकडे आली. त्यांनी पहिल्याच महिन्यात ‘झेपलर्न’ नावाची प्रणाली विकत घेतली. मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा, खाली दहा प्रश्न सोडवायचे, ऐंशी टक्के मिळाले की तक्त्यावर आपल्या नावापुढचा चौकोन लाल होता तो हिरवा होतो!

“सर, प्रत्येकाला वर्षात चोवीस कोर्स कम्पल्सरी,” ऋषी म्हणाले. “ट्रेनिंगचे दोन तास त्यासाठीच वापरा. आणि डॅशबोर्ड रेड राहिला ना, तर ट्रेनिंग शॉप बंद करून ती जागा मी दुसऱ्या कामाला घेणार.”

श्रीनिवासरावांनी हा प्रश्न कागदावर मांडला. कामगार दोन तास मोबाईल पाहत बसले, तर लेथवर हात कोणाचा बसणार? आणि लेथवर हात बसवला, तर चौकोन हिरवे कसे होणार? उत्तर अर्ध्या तासात सापडले. लेथ कामगारांनी चालवावे. मोबाईल आपण चालवावा!

एकशे अडतीस कामगार, प्रत्येकी चोवीस कोर्स, म्हणजे एकूण तीन हजार तीनशे बारा. व्हिडिओ पळवला आणि आवाज बंद ठेवला, तर एक कोर्स चार मिनिटांत होतो. कारखान्याला सुटी गुरुवारी. दर गुरुवारी सहासष्ट कोर्स धरले, तर पन्नास गुरुवारांत तीन हजार तीनशे. उरलेले बारा दिवाळीच्या पाडव्याला, फराळ झाल्यावर. त्यांच्या स्वतःच्यासकट सर्वांचे पासवर्ड कार्यालयातल्या नीरजाने वाटण्यासाठी म्हणून त्यांच्याकडेच दिले होते. त्यांनी ती यादी शॉपमधल्या स्वतःच्या खणात ठेवली आणि वाटपाचे काम पूर्ण झाल्याचे लेखी कळवले.

दर गुरुवारी सकाळी हेमाताई चहा ठेवताना विचारत, “अहो, आज कोण आहात तुम्ही?”

“दहापर्यंत बजरंग. मग पेंटशॉपची मैना, आणि तिच्यानंतर गंधार.”

“मैना असाल तेव्हा जरा भाजी निवडून द्या.”

प्रत्येक नवा कोर्स मात्र ते आधी संपत भाडळे याच्या नावाने करून पाहत. कारखान्यात कोणतेही उत्पादन सुरू करण्यापूर्वी एक नग बनवून तपासतात. त्याला ‘पहिला नग’ म्हणतात. संपत हा शॉपमधला सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू कामगार, म्हणून पहिला नग तो! त्याच्या नावाने उत्तरे शोधायची, वहीत उतरवायची आणि मग उरलेल्या एकशे सदतीस जणांना वाढायची. काम चोख व्हावे म्हणून श्रीनिवासरावांनी ऐच्छिक कोर्सही संपतच्याच नावाने करून ठेवले. न जाणो, उद्या तेही सक्तीचे झाले तर?

वर्षअखेर तक्ता असा हिरवागार झाला, की त्यात म्हशी सोडाव्यात! श्रीनिवासराव सुटकेचा श्वास घेणार, तोच नीरजा धावत शॉपमध्ये आली.

“सर! डिजिटल प्रशिक्षणाच्या वार्षिक परिषदेत आपल्याला पारितोषिक! आणि राज्यातला ‘सर्वोत्तम अध्ययनार्थी’ आपलाच! एका वर्षात एकसष्ट कोर्स, सरासरी अठ्ठ्याण्णव टक्के!”

“कोण?” श्रीनिवासरावांनी विचारले, पण उत्तर त्यांना आधीच कळले होते.

“संपतभाऊ!”

पलीकडे संपत लेथवर वाकून गिअरचा एक दात तपासत होता. त्याने मान वर केली. “कोन? म्या?”

परिषद नगर रस्त्यावरच्या एका बड्या हॉटेलात भरली होती. सभागृहात थंडी एवढी, की महाबळेश्वर काखेत मारून आणले असावे. सुमारे चारशे प्रशिक्षण अधिकारी गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून बसले होते आणि व्यासपीठावरचे वक्ते “शिकणे आता खिशात आले आहे” असे निरनिराळ्या शब्दांत सांगत होते. श्रीनिवासरावांनी गाडीतच संपतला सर्व प्रकार सांगून टाकला होता. संपतने तो शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, “मंग म्या पास झालो का नाय?”

“झालास. एकसष्ट वेळा.”

“मंग ठीक हाय.”

“कमी बोल. खोटं बोलू नकोस आणि खरंही सांगू नकोस,” श्रीनिवासरावांनी सूचना दिली. चाळीस वर्षांत त्यांनी दिलेली ही पहिलीच संदिग्ध सूचना होती.

झेपलर्न कंपनीच्या प्रमुख ऋतिकाताई यांनी संपतला व्यासपीठावर बोलावले. तो ज्या सोफ्यावर बसला, त्यात तो गुडघ्यांपर्यंत बुडाला.

“संपतजी, एकसष्ट कोर्स! कसं जमवलंत?”

“म्या काय केलं नाय,” संपत म्हणाला. “समदं सरांनीच केलंया.”

सभागृहात टाळ्या! किती ही नम्रता! पहिल्या रांगेतल्या श्रीनिवासरावांच्या पाठीवर ऋषींनी अभिमानाने थाप मारली. श्रीनिवासरावांना ती धरपकडीसारखी वाटली.

“रोज किती वेळ मोबाईलवर शिकता?”

“लेथजवळ मोबाईलला बंदी हाय.”

“बघा! म्हणजे कामाच्या वेळी काम, आणि अभ्यास स्वतःच्या वेळेत! आणि इथे मला दिसतंय, की ‘महिला नेतृत्वाची वाटचाल’ या कोर्समध्ये तुम्हाला शंभरपैकी शंभर आहेत. हे कसं?”

संपत क्षणभर गोंधळला. मग घरचा प्रश्न आहे असे वाटून त्याचा चेहरा उजळला. “आमच्या घरात मालकीण मुक्ताबाई हायती. त्यांच्या म्होरं शंभरच्या खाली चालत न्हाई.”

सभागृह डोक्यावर घेतले लोकांनी! संपतलाही आता सोफा मानवू लागला. तो मागे रेलला, पाण्याची बाटली उघडून दोन घोट प्यायला आणि “आनखी काय इचारायचं ते इचारा” अशा नजरेने ऋतिकाताईंकडे पाहू लागला. आता हे प्रकरण हसण्यावारी जाणार, पारितोषिक घरी येणार आणि शॉपवरचे संकट टळणार, असा हिशेब श्रीनिवासरावांनी मनात मांडला. तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी झाली. ऋषी उत्साहाच्या भरात व्यासपीठावर चढले होते!

“संपतभाऊंनी आज माझे डोळे उघडले,” ध्वनिक्षेपक हातात घेऊन ते म्हणाले. “जर माणूस मोबाईलवर एवढं शिकू शकतो, तर सहा लेथ नुसती शिकण्यासाठी अडवून ठेवायची कशाला? मी इथे अनाउन्स करतो, की पुढच्या महिन्यात आमचं जुनं ट्रेनिंग शॉप बंद होईल आणि तिथे शंभर खुर्च्यांचं डिजिटल लर्निंग दालन उभं राहील!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर संपतचा आवाज ध्वनिक्षेपकातून सर्वांना स्वच्छ ऐकू आला. “सर, आपली लेथं चालली की वो!”

तक्ता लाल राहिला असता तर शॉप गेले असते, म्हणून श्रीनिवासरावांनी वर्षभर तो हिरवा केला. आणि तो फार हिरवा झाला, म्हणून शॉप हातचे चालले! अभियांत्रिकीच्या कोणत्याही पुस्तकात असा नियम नाही, की यंत्र दोन्ही दिशांना फिरवले तरी आपलाच हात सापडावा.

ते उभे राहिले. कोट नीट केला. “मला एक निवेदन करायचे आहे. हे तीन हजार तीनशे बारा कोर्स, अधिक संपतचे सदतीस ऐच्छिक, मी केले आहेत. सर्वच्या सर्व. एकट्याने. गुरुवारी.”

सभागृहातल्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग कोणीतरी फस्सकन हसले आणि संपूर्ण सभागृह हसू लागले!

“सर फार विनोदी आहेत,” ऋतिकाताई हसत म्हणाल्या. “पण ते शक्यच नाही. आमच्या प्रणालीला तीन सुरक्षाकवचं आहेत.”

श्रीनिवासरावांना आयुष्यात खोटारडे म्हटले गेले असते तर ते सहन झाले असते. पण खरे बोलत असताना विनोदी म्हटले जाणे त्यांना सहन होईना. “आपण कोणताही कोर्स निवडा,” ते म्हणाले. “मी पडद्याकडे पाठ करून उभा राहतो.”

ऋतिकाताईंनी गंमत म्हणून “सतरावा!” असे पुकारून तो कोर्स पडद्यावर आणला. श्रीनिवासराव प्रेक्षकांकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले आणि प्रार्थना म्हणावी तसे म्हणाले, “क, क, ड, अ, क, ब, ड, ड, क. दहावा, वरील सर्व.”

ऋतिकाताईंनी ती उत्तरे भरताच पडद्यावर शंभर टक्के झळकले. फुगे उडाले. “अभिनंदन, तुम्ही उत्कृष्ट श्रोते आहात!” अशी अक्षरे उमटली, कारण कोर्स ‘सक्रिय श्रवण’ या विषयावर होता.

आता मात्र कोणी हसले नाही. ऋतिकाताईंचा चेहरा पडला, ऋषींचा लाल झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका अधिकाऱ्याचा आवाज आला, “सर, जरा सावकाश सांगता का? सातव्याचं ड म्हणालात की ब?”

पाहतात तो काय, अर्धे सभागृह लिहून घेत होते! चहाच्या वेळी अकरा कंपन्यांच्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी श्रीनिवासरावांना कोपऱ्यात गाठले आणि गुरुवारच्या वेळापत्रकाची प्रत मागितली. पारितोषिक मात्र हॉटेलातच राहिले. संपतने फक्त पुष्पगुच्छ आणला. मुक्ताबाईंना कबूल केला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषींनी श्रीनिवासरावांना दालनात बोलावले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. पण ते शांत होते.

“सर, तुम्ही हे शॉपसाठी केलंत, हे मला कळतं. पण एक सांगा. हे कोर्स निरुपयोगी आहेत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? त्यातला एक तरी कोर्स पूर्ण पाहिलात?”

“चाळीस वर्षांचा अनुभव...”

“पाहिलात का?”

“आवाज बंद होता,” श्रीनिवासराव म्हणाले.

“मग असं करू. सगळ्यांचे खोटे मार्क्स पुसून टाकतो. शॉप सध्या ठेवतो, पण एका अटीवर. चोवीसही कोर्स तुम्ही स्वतःच्या नावाने पास करायचे. एकतीस तारखेपर्यंत. एकही रेड राहिला, तर लेथ विकायला काढतो.”

श्रीनिवासरावांना हसू आवरेना. ज्याने प्रत्येक कोर्स एकशे अडतीस वेळा केला, त्याला तो एकशे एकोणचाळिसाव्यांदा करायचा होता! शिक्षा कसली, हा तर सत्कार!

घरी येऊन त्यांनी वही उघडली, पहिला कोर्स सुरू केला, आणि वहीतली उत्तरे ठोकून दिली. दहापैकी दोन! ऋतिकाताईंच्या कंपनीने त्याच आठवड्यात सर्व प्रश्न आणि पर्यायांची उलथापालथ केली होती.

“हरकत नाही,” श्रीनिवासराव म्हणाले. “आता ज्ञानाच्या जोरावर सोडवतो. व्हिडिओची गरज नाही. लेथ कसे चालवावे, हे मला कोण सांगणार?”

त्यांनी आयुष्यात प्रथमच प्रश्न वाचले. आणि तिथेच घात झाला. ‘लेथवर साचलेला धातूचा कीस काढताना सर्वप्रथम काय कराल?’ त्यांनी उत्तर दिले, ब्रश घेईन. चूक! ‘आगीचा इशारा वाजल्यास सर्वप्रथम काय कराल?’ त्यांनी उत्तर दिले, इशारा खरा आहे की यंत्रणेचा बिघाड, याची खात्री करीन. चूक! पहिल्या प्रयत्नात साठ टक्के, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात चाळीस. अनुभव जितका अधिक वापरावा, तितके गुण कमी होत! तीन आठवड्यांच्या लढाईनंतर त्यांचे फक्त दोन चौकोन हिरवे झाले होते. ‘ईमेलमधील सौजन्य’ आणि ‘खुर्चीत बसण्याची योग्य पद्धत’.

“कमालच म्हणायची,” हेमाताई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. “एकशे अडतीस जणांना पास केलंत आणि स्वतःच्या नावाने नापास! एवढा परोपकार बरा नव्हे. आणा इकडे, मी सोडवते.”

“मुळीच नाही! दुसऱ्याने माझ्या नावाने परीक्षा द्यायची? हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“हे तत्त्व कधीपासून?”

“परिषदेपासून.”

“अहो, मग निदान तो व्हिडिओ तरी बघा.”

“व्हिडिओ पाहणे हा माझ्या पदविकेचा अपमान आहे,” असे म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला. पंचवीस तारीख होती. शॉपमध्ये त्यांनी कामगारांना एवढेच सांगितले, की बावीस चौकोन लाल आहेत, ते हिरवे होणे नाही, आणि प्रत्येकाने आपली हत्यारे स्वच्छ पुसून, मोजून ठेवावीत. संपतने सहाव्या लेथवरून दोनदा फडके फिरवले.

एकतीस तारखेला श्रीनिवासराव पराभवाचे निवेदन घेऊन ऋषींच्या दालनात गेले. निवेदन सात मुद्द्यांचे होते. पहिला मुद्दा वाचण्यासाठी त्यांनी चष्मा लावला, तोच ऋषींनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“मानलं सर तुम्हाला! चोवीसपैकी चोवीस. कालच शेवटचा झाला. सरासरी एक्याण्णव!”

पडद्यावर ‘श्रीनिवास खांबेटे’ या नावापुढे चोवीस हिरवे चौकोन ओळीने बसले होते. श्रीनिवासरावांनी तोंड उघडले. मग हातातल्या निवेदनाकडे पाहिले. सत्य बोलण्याचा यंदाचा कोटा परिषदेतच संपला आहे, असा निर्णय घेऊन त्यांनी तोंड मिटले.

“शब्द दिला तो दिला,” ऋषी म्हणाले. “शॉप राहिलं. आणि सर, एकदा बघितल्यावर कोर्स चांगले वाटले की नाही?”

“अत्यंत उद्बोधक,” श्रीनिवासराव म्हणाले आणि जवळजवळ पळतच शॉपमध्ये आले.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. सगळे जण आपापल्या यंत्रावर असे खाली मान घालून उभे होते, की जणू शाळेत कोणीतरी बाकावर खाजकुयली टाकली आहे.

“संपत! हे कोणी केले?”

“काय की,” संपत म्हणाला. पण सरांनी नजर हलवली नाही, तेव्हा त्याने हात पुसले. “बावीस लाल हुते. बावीस जण निघालो. एकेक वाटून घेतला. तुमचा पासवर्ड खणात त्या यादीवर हुताच. जेवणाच्या सुट्टीत सायकल स्टँडमागं बसायचो. एका दमात न्हाई झालं, पण झालं.”

“अरे, पण हे गैर आहे! दुसऱ्याच्या नावाने अशा प्रकारे...” एवढे बोलून श्रीनिवासराव थबकले. वाक्य पुढे नेण्यासारखी वाट त्यांना दिसेना.

“तुमी आमच्यासाठी वरीसभर केलं,” मिलिंग यंत्रामागून बजरंग म्हणाला. “आमी आठवडाभर.”

डोळे भरून येण्याची वेळ होती. पण श्रीनिवासरावांचे मन दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. पद्धतशीर माणसाला न सुटलेला प्रश्न झोपू देत नाही. त्यांनी आवाज खाली आणला.

“ते सर्व असो. तो लेथवरच्या किसाचा प्रश्न. मी तीनदा चुकलो. त्याचे उत्तर कोणी दिले?”

“म्या. पहिलं यंत्र बंद करायचं, मंग ब्रश.”

“बरोबर आहे! पण यंत्र बंद करणे तर गृहीतच असते. हे तुला कसे सुचले?”

संपतने सरांकडे अशा काळजीने पाहिले, ज्या काळजीने ते नव्या कामगाराकडे पाहत.

“व्हिडिओत दुसऱ्याच मिनिटाला दाखवलंय की, सर. तुमी बघितला न्हाई व्हय?”

या प्रश्नाला एकही सोयीचा पर्याय नव्हता. म्हणून श्रीनिवासरावांनी हात लांब करून जवळचे लेथ चालू केले. त्याच्या आवाजात कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. आणि लेथचा हा उपयोग, निदान त्यांच्या माहितीप्रमाणे, कोणत्याही कोर्समध्ये सांगितलेला नाही!